माझ्या मशिनी बंद पडत नव्हत्या

हातकणंगल्याच्या पुढच्या एका गावात दूध संस्थेच्या दारात बापूंची मोटारसायकल उभी दिसली, की माझ्या पोटात दुखायला लागायचं. आत काय चाललं असणार ते न बघताही मला ठाऊक असायचं. संगणकाचं झाकण निघालेलं, सचिवांनी टेबलफॅनचं तोंड बापूंकडं वळवलेलं, आणि मागच्या घरातून तांबड्या रश्श्याचा वास. बापू दुरुस्तीला गेले आणि न जेवता परत आले, असं मी तरी कधी ऐकलं नाही. त्याच गावात खालच्या गल्लीत दुसरी दूध संस्था होती. तिथं माझी मशीन होती. ती चालू होती, त्यामुळं मला तिथं थांबायचं काही कारण नसायचं. मी स्कूटरचा कान पिळून पुढं जायची.

मी मूळची जयसिंगपूरची. लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि शाहूपुरीत एका पाइपांच्या दुकानाच्या माडीवर वर्कशॉप टाकलं. दूध संस्थांना संगणक बसवून द्यायचे, हा धंदा. बाईमाणूस हा धंदा करतंय याचं लोकांना पहिल्यांदा नवल वाटलं, मग सवय झाली. बापूही तोच धंदा करायचे. त्यांचं दुकान वगैरे नव्हतं. मोटारसायकलच्या डिकीत पेचकस, जुने पंखे, वायरी आणि एक टॉवेल, एवढ्यावर त्यांचा सगळा कारभार.

ज्यांनी दूध संस्था आतून बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. सकाळी आणि संध्याकाळी गावातल्या बाया-माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहतात. दूध काट्यावर ओतलं की वजन कळतं. त्यातलं थोडं फॅटच्या मशीनमध्ये जातं. संगणक हे दोन्ही आकडे घेतो आणि चिठ्ठी छापतो. ती चिठ्ठी हातात पडल्याशिवाय माणूस रांगेतून हलत नाही. रांग हलली नाही तर दूध नासतं, टँकरवाला हॉर्न वाजवत बसतो आणि चेअरमनचा पारा चढतो.

या सगळ्यात आमची वैरीण म्हणजे लाईट. ती सांगून जात नाही. आणि ती नाही गेली तर संकलन संपल्यावर सचिव भिंतीवरचं बटण टक करून बंद करायचे आणि घरी जायचे. संगणक आधी आतून बंद करायचा असतो, मग बटण दाबायचं, हे मी किती जणांना शिकवलं असेल. एका सचिवांनी मला सरळ विचारलं होतं, "म्याडम, ट्यूब बंद करताना ट्यूबला इचारतो काय आपण?"

त्यांचं चुकत होतं, पण म्हणणं मला पटायचं. संगणकाला सतत काहीतरी लिहून ठेवायची खोड असते. कुणी काय उघडलं, किती वाजले, प्रिंटरनं काय सांगितलं, सगळं तो आपल्या डिस्कवर खरडत असतो. लिहिता लिहिता लाईट गेली, की अर्धवट ओळ राहते. पुन्हा सुरू झाल्यावर त्याला स्वतःचंच लिहिलेलं लागत नाही, मग तो रुसून बसतो. डिस्कच्या जागी मी कॅमेऱ्यात असतं तसलं फ्लॅश कार्ड वापरून बघितलं. गोठ्याशेजारची धूळ आणि दमट हवा ते सोसायचं, पण अर्धवट लिहिण्याचं दुखणं तसंच राहिलं.

सुरुवातीला माझ्याही मशिनी मरायच्या. एका संध्याकाळी मी एका संस्थेत झाकण काढून बसले होते. रांग दारातून रस्त्यापर्यंत गेली होती. पुढं हौसाक्का म्हणून एक म्हातारी उभी होती. किटली खाली ठेवायला तयार नाही आणि बाजूलाही व्हायला तयार नाही. मी म्हटलं, "आज्जी, थोडा वेळ लागेल. लाईट गेली ना, म्हणून बिघडलंय."

ती म्हणाली, "बरं. मग म्हशीला सांगू काय, लाईट आल्यावर दूध दे म्हणून?"

रांग खदाखदा हसली. मला हसू आलं नाही. घरी येताना वाटेत मी ठरवलं, की आता असलं यंत्र करायचं ज्याचा गळा कितीही वेळा आवळला तरी ते मरणार नाही.

संगणक चालवायला मी युनिक्सच्या घराण्यातली, फुकट मिळणारी एक प्रणाली वापरायची. तिच्यात एका फाईलमध्ये दोन अक्षरं बदलली की सगळं कार्ड नुसतं वाचण्यापुरतं राहतं, म्हणजे रीड-ओन्ली. त्यावर कुणालाच काही लिहिता येत नाही. जिथं लिहायचंच नाही तिथं अर्धवट काय राहणार? मी ती दोन अक्षरं बदलली आणि मशीन सुरूच होईना. तेव्हा मला कळलं, की आतला प्रत्येक लहानमोठा प्रोग्राम उठल्या उठल्या कुठंतरी काहीतरी लिहायला धावतो. जागा मिळाली नाही की तिथंच बसकण मारतो. मग एकेकाला शोधून त्याला लिहायला खोटी जागा करून दिली. ती जागा संगणकाच्या मेमरीत. दिसायला ते कार्डावरच्या फोल्डरासारखंच दिसतं, पण ते पाटीवर लिहिल्यासारखं असतं. लाईट गेली की पाटी कोरी. पुन्हा लाईट आली की मशीन कार्डावरचं मूळ वाचून, पाटी पुसून, पहिल्या दिवसासारखी उभी. दुधाच्या नोंदी मात्र पुसून चालणार नव्हत्या. त्यासाठी दुसरं एक छोटं कार्ड ठेवलं. एकेका माणसाची नोंद झाली की ते उघडायचं, ओळ लिहायची आणि लगेच मिटायचं. अगदी त्याच क्षणाला लाईट गेली तर ती एक ओळ जाईल, मशीन जाणार नाही.

हे लिहायला सोपं आहे. करायला अख्खा हिवाळा गेला. यजमान म्हणायचे, "तू वर्कशॉपातच पथारी टाक."

पहिली मशीन मी आबासाहेबांच्या संस्थेत दाखवली. आबासाहेब हे त्या भागातलं मोठं प्रस्थ. स्वतःच्या गावच्या संस्थेचे चेअरमन, आणि आसपासच्या संस्था काय घ्यायचं, कुणाला द्यायचं ते त्यांच्या शब्दावर ठरवायच्या. सगळे संचालक सतरंजीवर बसले होते. मी मशीन सुरू केली आणि प्लग उपटला. पुन्हा लावला. मशीन उठली, चिठ्ठी छापली. पुन्हा उपटला. आबासाहेबांना ते इतकं आवडलं, की ते जागेवरून उठले आणि स्वतःच बटणाशी खेळत बसले. चालू, बंद, चालू, बंद. शेवटी म्हणाले, "म्हस लाथ मारती, ही तेवढी बी मारत न्हाई की! बसवा सगळ्यास्नी."

त्या वर्षी मी खूप मशिनी बसवल्या. आणि त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही.

सुरुवातीला मला याचा अभिमान वाटायचा. वर्कशॉपमध्ये फोन शांत असायचा. मी खिडकीतून खाली पाइप उतरवणाऱ्या टेम्पोकडं बघत बसायची आणि मनात म्हणायची, सगळीकडं चालू आहे. हळूहळू ते शांत बसणं मला खायला उठलं. कारण बापूंचं सगळं कानावर यायचं. बापूंना अमक्या गावात वास्तुशांतीचं आमंत्रण. बापूंना जत्रेला बोलावून नेलं. बापूंच्या मुलीच्या लग्नात दूध संस्थांनी आहेराची रांग लावली.

आणि बापू काय बसवायचे? सगळ्यांकडं असतो तोच साधा संगणक. तो लाईट गेली की आडवा व्हायचा. मग गावातून फोन, की बापू जेवणाचं ताट सारून निघाले. जाताना वाटेत कुणाचं औषध घ्यायचे, कुणाचा निरोप पोचवायचे. झाकण काढायचे, धूळ फुंकायचे, सगळं नव्यानं भरायचे. मशीन सुरू झाली की रांगेतल्या बायांना देव पावल्यागत व्हायचं. बापू लबाड नव्हते, हे मला मान्य करावं लागतं. त्यांनी मुद्दाम कधी काही बिघडवलं नाही. त्यांना त्याहून चांगलं येत नव्हतं, एवढंच. आणि त्या न येण्यावर ते जिल्हाभर राजासारखे हिंडत होते.

एका संस्थेनं बापूंचा संगणक काढून माझी मशीन घेतली. वर्षाच्या सभेला मला बोलावणं आलं. मी चांगली साडी नेसून गेले. सत्कार झाला तो बापूंचा. फेटा, नारळ, शाल. संस्थेच्या अडीअडचणीला रात्र म्हटली नाही, दिवस म्हटला नाही, असं सचिवांनी भाषणात सांगितलं. माझ्या मशीनमुळं वर्षभर अडचणच आली नव्हती, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. फेटा बांधलेले बापू माझ्याकडं बघून हात हलवत होते. मी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन यजमानांवर विनाकारण ओरडले.

ते शांतपणे म्हणाले, "मग तूही जा की गावोगाव. बिघडायची वाट कशाला बघतेस?"

मला ते पटलं. एका सकाळी मी एका गावात नुसती गेले. सहज, विचारपूस करायला. सचिवांनी मला दारात बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. "काय झालं म्याडम? काय बिघडलंय?"

"काही नाही. सहज आले."

"सहज?" त्यांनी मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बाहेर जाऊन चेअरमनना फोन लावला. "म्याडम आल्यात. काय सांगंनात. मला वाटतंय मशीन परत न्यायला आल्यात." चेअरमन शेतातून धावत आले. कशाला आला, कुणी पाठवलं, कुणी तक्रार केली का, या चौकशीत चहाचं कुणालाच सुचलं नाही. मी कार्ड तपासल्यासारखं केलं, सगळं ठीक आहे म्हणाले आणि निघाले. मागून आवाज आला, "कायतरी असणार बघ. उगंच न्हाई येत माणूस."

पुढं एकदा मात्र मला खरोखर बोलावणं आलं, आणि तेही आबासाहेबांच्या गावातून. मशीन बंद पडली होती. माझी मशीन! मी घाबरले, आणि खोटं कशाला बोलू, मनातून थोडी खूषही झाले. जाऊन बघते तो आत मेमरी काठोकाठ भरलेली. झालं असं होतं, की आबासाहेबांनी घरचा मोठा इन्व्हर्टर आणून संस्थेत बसवला होता. त्यांच्या संस्थेत लाईट गेलेली कळायचीसुद्धा नाही, आणि सचिवही बटण न दाबता मशीन रात्रंदिवस चालूच ठेवायचे. बाकीच्या गावांत रोज लाईट जायची आणि पाटी आपोआप पुसली जायची. इथं पाटी कधी पुसलीच गेली नव्हती. बारीकसारीक टिपणं साचून साचून जागा संपली आणि मशीन गप्प झाली. मी त्या टिपणांना मर्यादा घातली, जुनी आपोआप गळून पडतील अशी सोय केली. पुढं सगळ्याच मशिनींत ती केली.

आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे माझ्या गावात लाईट जात न्हाई, ही माझी चूक झाली म्हणा."

"तसं नाही, चूक माझी. मी लाईट जाणार हे धरूनच चालले होते."

ते गडगडाटी हसले. त्या दिवशी मला जेवायला बसवलं. निघताना गुळाची ढेप स्कूटरच्या पुढं ठेवली. परतताना मी कोल्हापूरपर्यंत गुणगुणत आले. बापूंना हे आठवड्यातून किती वेळा मिळत असेल याचा हिशोब मनात आला आणि गुणगुणणं थांबलं.

त्यानंतर आबासाहेबांच्या पुढाकारानं सगळ्या संस्थांची बैठक झाली. देखभालीचं काम वर्षाच्या करारानं कुणाला द्यायचं, हा विषय होता. मी निर्धास्त होते. निम्म्याहून जास्त मशिनी माझ्या. आबासाहेब कागद बघत म्हणाले, "म्याडम, गेल्या वर्षात दुरुस्तीला तुम्ही आमच्याकडं एकदा आलासा. बाकीच्या गावांत एकदा बी न्हाई."

"कारण मशीन बंदच पडली नाही."

"तेच म्हणतोय मी. मग वर्साचं तुम्हाला कशाबद्दल द्यायचं?"

सभेत सगळ्यांनी माना हलवल्या. मी सांगायला लागले, की बंद पडू नये म्हणूनच तर सगळं काम आधी केलेलं आहे. मेमरी, कार्ड, सगळं सांगितलं. माझं मलाच ऐकू येत होतं, की यातलं एक अक्षरही कुणाला दिसत नाहीये. बापूंचं काम मात्र सगळ्यांना दिसत होतं. घामानं भिजलेला शर्ट दिसत होता. करार बापूंना मिळाला. त्यांच्या संगणकांचा आणि माझ्या मशिनींचाही.

माझ्याकडं दोन मुली कामाला होत्या, दोघींना दुसरीकडं नोकऱ्या बघायला सांगावं लागलं. त्यातली एक रडली. मी नाही रडले. मला इतका राग आला होता, की रडायला जागाच नव्हती.

बापू माझ्या मशिनी समजून घ्यायला वर्कशॉपवर आले. काही बदल करायचा झाला तर आधी कार्ड लिहितं कसं करायचं, बदल झाल्यावर पुन्हा नुसतं वाचतं कसं करायचं, हे मी त्यांना नीट दाखवलं. ते "व्हय, व्हय" म्हणत होते आणि खालच्या टपरीवाल्याला खिडकीतून चहाची खूण करत होते.

मग संस्थेच्या निवडणुका आल्या. आबासाहेब पडले. स्वतःच्या गावात पडले. महादबा म्हणून त्यांच्याच भावकीतला माणूस चेअरमन झाला. महादबानं पहिलं काम सांगितलं ते बापूंना: चिठ्ठीच्या वर आबासाहेबांचं नाव छापून येतं, ते काढून माझं घाला. बापूंनी घातलं. काही दिवस महादबाच्या नावाच्या चिठ्ठ्या घरोघर गेल्या.

इकडं आबासाहेब हरल्याचा राग धरून बसले होते. एका दुपारी ते दोन माणसं घेऊन संस्थेत गेले आणि आपला इन्व्हर्टर उचलून घरी आणला. तो त्यांचाच होता, त्यामुळं कुणी अडवलं नाही. संध्याकाळी संकलन सुरू झालं आणि पहिलीच चिठ्ठी आबासाहेबांच्या नावाची निघाली. दुसरीही, तिसरीही.

बापूंचा मला फोन आला. "ताई, जरा येतासा काय? हितं मारामारी व्हायची पाळी आल्या."

मी जायला नको होतं. करार माझा नव्हता. पण बापूंना जमलं नाही आणि मला बोलावलं, या विचारानं मी एवढी फुलले, की स्कूटरची किल्ली मुठीत असताना ती पर्समध्ये शोधत बसले.

संस्थेसमोर निम्मं गाव जमलं होतं. महादबा पायरीवर उभा राहून ओरडत होता, "आबानं आत शिरून मशीन फिरवल्या! आज नाव फिरवलं, उद्या दूध फिरवंल! पोलिसात देणार मी!" समोर आबासाहेब, डोक्यावरची टोपी हातात. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. "मी फकस्त माझा इन्व्हर्टर न्हेला. मशीनला हात बी लावला न्हाई. आईशप्पत सांगतो." दुधात हात मारला हा आरोप गावात एकदा चिकटला की माणूस मेल्यावरही जात नाही. त्यांची बायको भिंतीला धरून उभी होती.

काय झालं असणार ते मला ऐकताक्षणी कळलं होतं. बापूंनी नाव बदललं होतं ते पाटीवर, मेमरीत. कार्डावर जुनंच नाव होतं. इन्व्हर्टर होता तोवर पाटी टिकली. इन्व्हर्टर गेला, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झाली आणि कार्डावरचं मूळ नाव वर आलं.

मी हे सांगितलं. कुणाला कळलं नाही. मग मी महादबाला म्हटलं, "या, तुम्हीच बसा इथं. तुमच्या हातानं नाव घाला." त्यानं एका बोटानं दाबत स्वतःचं नाव घातलं. चिठ्ठी निघाली, त्याचं नाव होतं. "आता तुम्हीच प्लग काढा." त्यानं काढला, पुन्हा लावला. मशीन उठली. चिठ्ठी निघाली, आबासाहेबांच्या नावाची. आबासाहेब तेव्हा पार रस्त्यावर उभे होते.

महादबा चिठ्ठीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मशीनच आबाच्या पार्टीची हाय!"

गर्दीतून कुणीतरी पहिल्यांदा हसलं, आणि ताण सुटला. मी कार्ड लिहितं केलं, नाव बदललं, पुन्हा वाचतं केलं आणि स्वतः प्लग उपटला. मशीन उठली. चेअरमन, महादबा. आता लाईट गेली काय आणि राहिली काय, ते नाव हलणार नव्हतं. महादबानं जरा घुटमळून आबासाहेबांना हात जोडले. "माझं चुकलं, आबा."

आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुढं आले. मी साडीचा पदर सावरून उभी राहिले. ते माझ्या शेजारून गेले आणि त्यांनी बापूंना कडकडून मिठी मारली. "बापू, तू म्याडमला बोलीवलंस म्हणून वाचलो रं! न्हाईतर माझी इज्जत गेलती आज."

सगळे बापूंभोवती गोळा झाले. माझ्या हातात प्लग होता.

जेवण आबासाहेबांकडं झालं. महादबासुद्धा जेवायला होता. त्यांच्या घरचं कुत्रं बापूंच्या पायाशी येऊन बसलं. आबासाहेबांच्या पत्नी बापूंना न विचारता वाढत होत्या, आणि मला प्रत्येक वेळी विचारत होत्या, "म्याडम, चालंल काय तुम्हाला?"

जेवणानंतर बाहेर गाड्यांपाशी आम्ही दोघंच होतो. बापू म्हणाले, "ताई, तुमची अक्कल लई मोठी. मला तर काय बी कळत न्हाई त्यातलं."

"शिकवते की. अवघड नाही. तुमचे संगणकही असेच करून टाकू, म्हणजे तुमची धावपळ वाचेल."

त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. ते खरंच विचार करत होते. मग म्हणाले, "नगो. तसं केलं तर मग मला कोण बोलवंल?"

ते हसत नव्हते. त्यांना सगळं कळत होतं. इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळत होते ते या माणसाला नकळत मिळतंय अशी माझी समजूत होती, आणि तेवढाच मला आधार होता. तोही गेला. स्कूटर सुरू करताना मी त्यांचा निरोपसुद्धा नीट घेतला नाही.

पुढं मी दूध संस्थांचं काम सोडलं. कारखान्यांच्या वजनकाट्यांचं थोडं काम केलं, गुडघे दुखायला लागल्यावर वर्कशॉप आवरलं. बापू अजून हिंडतात असं ऐकते. मला अजून त्यांच्याबद्दल चांगलं बोलवत नाही. इथंही मी प्रयत्न करून लिहिलं आहे.

मागच्या महिन्यात जयसिंगपूरहून एका नातेवाइकाकडं जाताना वाटेत एका गावात गाडी थांबवली. समोर दूध संस्था. सकाळचं संकलन नुकतंच संपलं होतं. सचिव म्हणून आता एक तरणी बाई होती. काचेच्या टेबलावर माझी मशीन होती. वरचा रंग उडालेला, खंडेनवमीला वाहिलेला झेंडूचा हार सुकून तसाच लोंबत होता. त्या बाईनं भिंतीवरचं बटण टक करून बंद केलं आणि पदराला हात पुसले.

मी दारातून विचारलं, "असंच बंद करता?"

"व्हय. मग कसं करत्यात?"

"संध्याकाळी पुन्हा सुरू होते?"

"हुत्या की. बापूंनी बसवलेली मशीन हाय. तिला काय धाड भरल्या?"

मी पायरी चढून आत गेले. "ती मशीन मी बसवली आहे," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला असावा.

तिनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, पांढरे केस, गळ्यातलं मंगळसूत्र, हातातली पर्स. आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगं बया! बापूंच्या मालकीणबाई हाय काय तुम्ही? मग दारात का हुबं ऱ्हायलासा? या, बसा की. च्या टाकते."

तिनं खुर्ची पुसली आणि पंख्याचं तोंड माझ्याकडं वळवलं. सांगायचं होतं ते तोंडाशी आलं होतं. पण ती तोवर मागच्या घरात जाऊन मोठ्यानं सांगत होती, बापूंच्या मंडळी आल्यात, जरा साईचं दूध काढा म्हणून.

मी बसले. चहा घेतला. दुसरा कपही घेतला.